गॅरेजातून बाहेर आलेली नऊ पावलं

१

गुरुवारी सकाळी सात वाजता खुशालराव अढाऊंनी गॅरेजचं शटर वर केलं आणि अकोल्याच्या अख्ख्या गोरक्षण रोडला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कौशल्या! अवं कौशल्या! माह्या फरशीवर कोन चाललं?"

फरशी कालच दुपारी झाली होती. करड्या रंगाचं इपॉक्सी, ओतल्यावर वाळून टणक होणारा लेप, काचेसारखा गुळगुळीत. छताची ट्यूबलाइट त्यात उलटी दिसत होती. आणि त्या काचेवर, मागच्या भिंतीशी असलेल्या सिमेंटच्या ओट्यापासून थेट शटरच्या उंबऱ्यापर्यंत, कुणाच्या तरी अनवाणी पायांचे ठसे रुतून वाळले होते. खुशालरावांनी बोट दाखवत ते मोजले. नऊ.

कौशल्याबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी ठशांकडे पाहिलं, मग मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"अवो, याची सगळी बोटं बाहेरच्या अंगाले हायेत."

"मंग?"

"मंग हा बाहेर आला. पन आत गेला कवा? आत गेल्याचं एकबी पाऊल नाई."

खुशालरावांच्या तोंडाचा आ झाला. गॅरेजला शटर सोडून दुसरी वाट नव्हती. मागच्या भिंतीत वरती वीतभर जाळी होती, तिच्यातून चिमणीसुद्धा अंग चोरूनच आली असती. शटरला काल चार वाजता कुलूप लागलं होतं आणि किल्ली रात्रभर खुशालरावांच्या करदोड्याला होती.

"उलट्या पायाची असन," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "हडळीचे पाय उलटे असतात म्हनतात. म्हंजे हे आत जायाचे ठसे हायेत."

"मंग ते गेली कुठं?"

दोघांनी एकदमच ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट होतं. कामाआधी गॅरेजातली प्रत्येक वस्तू बाहेर काढली होती, कपाट तेवढं हललं नव्हतं.

फरशी आता दगडासारखी टणक झाली होती. खुशालराव हातात काठी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं निघाले, मागे त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून कौशल्याबाई. ओट्यावर चढून त्यांनी काठीच्या टोकानं कपाटाचं दार उघडलं.

आत कुणी बाई नव्हती, सुलट्या पायाची नाही की उलट्या पायाची नाही. पण वरच्या कप्प्यातली लाल फडक्यात बांधलेली खंजिरीही नव्हती.

२

ही खंजिरी खुशालरावांच्या वडिलांची. तेल्हाऱ्याच्या भजनी मंडळात त्यांनी ती चाळीस वर्षं वाजवली. खुशालरावांनी त्याच काळ्या मातीत आयुष्यभर कापूस केला आणि साठी उलटल्यावर शेती ठोक्यानं कसायला देऊन अकोल्याला बंगला बांधला. मग करायला काही उरलं नाही तेव्हा ते वडिलांची खंजिरी घेऊन बसले.

पहिल्या आठवड्यात कौशल्याबाईंनी त्यांना हॉलमधून गच्चीवर पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांनी गच्चीवरून गॅरेजात पाठवलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एक-एक तास गॅरेज दणाणत असे. येत्या रविवारी गुरुकुंज मोझरीला भजनी मंडळांचा मेळावा होता आणि तेल्हाऱ्याच्या मंडळातर्फे खुशालराव मेळाव्यात पहिल्यांदाच खंजिरीवर बसणार होते.

खंजिरी कुणी नेली असेल, असा प्रश्न पडला की साधारणपणे संशयितांची यादी करतात. इथे कॉलनीची मतदारयादी घेतली असती तरी चाललं असतं.

यादीत पहिलं नाव खुशालरावांनी कुंपणावरूनच घेतलं.

"अनुपमाताई! खंजिरी तुमी नेली का?"

अनुपमाबाई अंबाडेकर शेजारच्या बंगल्यात एकट्या राहत. अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी आणि गॅरेजची जाळी यांत बारा फुटांचं अंतर होतं. एप्रिलमध्ये त्यांनी खुशालरावांकडून मूठभर कापूस मागून नेला होता. खुशालरावांना वाटलं वातींसाठी. तो कानांसाठी होता.

"मी नाही नेली," अनुपमाबाई झारी खाली ठेवत म्हणाल्या. "मनात पुष्कळदा आलं होतं, एवढं मात्र कबूल करते. झालं काय?"

खुशालरावांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचे डोळे चमकायला लागले. परीक्षेच्या पेपरात अवघड प्रश्न दिसला की वर्गातल्या एखाद्याच विद्यार्थ्याचे चमकतात तसे.

"नुसती बाहेर येणारी पावलं?"

"नुसती बाहेर येनारी. आन् मले म्हाईत हाय कोन हाय ते. ते रंगवाली! दामिनी! गॅरेजात काल तिचीच मान्सं होती. मी तिले फोन केला हाय. म्हनलं, दहा वाजेपर्यंत खंजिरी घेऊन ये, नाई तं पोलिसात जातो. आन् कॉलनीतल्या सहा जनाईले सांगतो, हिच्याकडून काम करू नका म्हून."

ते सहा जण अढाऊंची फरशी कशी होते हे बघूनच ठरवणार होते, हे अनुपमाबाईंना ठाऊक होतं. कारण दामिनीचं नाव खुशालरावांना त्यांनीच सुचवलं होतं.

फाटकापाशी स्कूटी थांबली. दामिनी आली होती, पण हातात खंजिरी नव्हती. तिच्या हातात हेल्मेट होतं आणि डोळ्यांत पाणी.

३

दामिनी पुंडकर मूळची बार्शीटाकळीची. आधी कारखान्यांच्या फरश्यांवर लेप देणाऱ्या एका ठेकेदाराकडे होती, वर्षभरापूर्वी तिनं स्वतःचं काम सुरू केलं. घरगुती गॅरेजचं हे तिचं अकोल्यातलं पहिलंच काम.

आणि हे काम तिला सहजासहजी मिळालं नव्हतं. गॅरेजच्या सिमेंटची माती उडत होती, ऑइलचे डाग पडले होते, म्हणून काहीतरी लावायचं एवढंच खुशालरावांचं ठरलं होतं. टाइल्स नकोत, जॅक लावला की फुटतात. साधा फ्लोअर पेंट नको, कारण मे महिन्यात तापलेले टायर त्यावर टेकले की सालपटासारखा निघतो. दामिनीनं इपॉक्सीचे चार तुकडे नमुन्याला आणून दिले. खुशालरावांनी एकावर डिझेल ओतलं, दुसऱ्यावर लोणच्याचा खार, तिसऱ्यावर हातोडा मारला. चौथ्याकडे बघत विचारलं, "याच्यावर बैल उभा राहीन का?"

"काका, राहीन, पन चालला की घसरन," ती म्हणाली. "घसरू नये असं पाहिजे तं वरून बारीक वाळू टाकतो."

"मंग पुसाले जड जाते," कौशल्याबाईंनी निकाल दिला. बैल आणणार नसल्यामुळे वाळू रद्द झाली.

मग ओल तपासायला तिनं सिमेंटवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवला. खुशालरावांना ती कसली तरी पूजा वाटली आणि त्यांनी जवळ उदबत्ती लावली. प्लास्टिकच्या आतून थेंब धरला नाही, तेव्हा मशीननं फरशी खरवडली, प्रायमर मारला, आणि बुधवारी शेवटचा, आपोआप सपाट होणारा जाड थर ओतला.

अनुपमाबाईंनी दामिनीला आपल्या पडवीत बसवलं, लिंबाचं सरबत दिलं आणि म्हणाल्या, "कालचं सगळं सांग. वेळेसकट."

"मॅडम, पावनेबाराले ओतायला सुरुवात केली, मागच्या ओट्याकडून दाराकडे. लहान जागा हाय, अर्ध्या घंट्यात आटोपलं. सव्वाबाराले शटरबाहेर आलो. तेव्हा फरशी पाण्यासारखी सपाट होती, काका-काकूंनी पाह्यली, फोटो काढला."

"अडचण काही आली?"

"बाराच्या ठोक्याले लाइन गेली. ढवळायचं मशीन बंद. शेवटचा डबा मंग काठीनंच ढवळला. बाकी काई नाई. मी उन्हाळ्याचा मंद हार्डनर, थर हळूहळू घट्ट करनारा, वापरला होता, नाई तं एवढ्या उन्हात डब्यातच गोळा होते."

"शटर लावलंस?"

"कमरेएवढं उघडं ठेवलं, वास जायाले. मंग मी आन् माहे दोघं कारागीर मागच्या नळावर अवजारं धुवाले गेलो. वापस आलो तं काका शटरसमोर खाट टाकून बसले होते. एक वाजता आमी निघालो." ती थांबली. "मॅडम, मी त्यांच्या कपाटाले हात नाई लावला. मले काय कराची खंजिरी? पन हे सहा कामं गेले तं मले पुन्हा त्या ठेकेदाराकडेच जावं लागन."

अनुपमाबाई उठल्या. "उरलेलं इपॉक्सी आहे का?"

"दोन्ही डब्यांत, इपॉक्सीच्या अन् हार्डनरच्या, थोडं थोडं हाय, स्कूटीवर."

"ते मला दे. आणि मला एक सांग, बाळ, सव्वाबारानंतर आत वाकून फरशी कुणी पाहिली?"

दामिनीनं विचार केला. मग तिचा सरबताचा पेला तोंडाजवळ तसाच राहिला.

"कोनीच नाई," ती म्हणाली.

४

अढाऊंच्या घरात तोवर खुशालरावांनी शिंप्याची टेप आणून प्रत्येकाचा पाय मोजायला घेतला होता. ठसा सवादहा इंच. मुलगा कुलदीपचा पाय सवादहा. मेहुणे पंजाबराव यांचा सवादहा. स्वतः खुशालरावांचा सवादहा. त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली.

अनुपमाबाईंनी एकेकाला वेगळं गाठलं. कौशल्याबाई स्वयंपाकघरात होत्या.

"मीच फेकली असती बोअरमदी," त्या मोकळेपणानं म्हणाल्या, "पन बोअर सहा इंचाची अन् खंजिरी नऊ इंचाची. सव्वाबाराले मी यायले जेवाले वाढलं. लाइन नव्हती, मिक्सर चालेना, जवसाची चटनी पाट्यावर वाटली. तीन वाजेपर्यंत लाइन नाई आली. पंजाबले जेवाले हाक मारली, दार वाजोलं, त्यानं ओ नाई देल्ली. झोपला असन म्हनलं. तो तीनले जेवला. घामानं निथळत होता बिचारा."

"तुम्ही जेवून कुठे गेलात?" बाईंनी खुशालरावांना विचारलं.

"पावनेएकले खाट टाकून शटरसमोर बसलो ना! फरशीवर कुत्रं-मांजर जाऊ नये म्हून. चार वाजेपर्यंत हाललो नाई. डोये फाटकावर."

"म्हणजे पाठ गॅरेजकडे."

"मंग? कुत्रं फाटकातूनच येईन ना!"

"एकदाही उठला नाहीत?"

"अडीचेकले पानी प्याले उठलो, पाच मिनिटं. चारले शटर ओढलं. वाकलो नाई, कंबर साथ देत नाई. आकड्यानं ओढलं अन् कुलूप घातलं."

कुलदीप सगळ्यांत जास्त घाबरलेला दिसला. तो बुधवारी सकाळी दहालाच अमरावतीला गेला होता आणि रात्री आठला परतला होता. कशाला गेलास म्हटल्यावर त्याची नजर गाडीच्या डिकीकडे गेली.

"डिकी उघड," अनुपमाबाई म्हणाल्या.

डिकीत काळ्या स्पंजचे अंड्यांच्या ट्रेसारखे दिसणारे मोठाले तक्ते होते.

"आवाज अडवनारा फोम हाय, मावशी," तो कुजबुजला. "गॅरेजच्या भिंतीले लावनार होतो. बाबाले सांगनार होतो की उन्हापासून बचाव होते म्हून. दुकानाची पावती हाय, वेळ बारा पस्तीस, अमरावती. बाबाले सांगू नका."

राहिले पंजाबराव. कौशल्याबाईंचे धाकटे भाऊ, तेल्हाऱ्याच्या मंडळाचे मुख्य गायक, मेळाव्यासाठी आठवडाभर आधीच बहिणीकडे मुक्कामाला आलेले. देह भरदार, आवाज मधाळ. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पायांत पांढरे मोजे.

"भाऊजीच्या हातात जादू हाय, मॅडम," ते म्हणाले. "लोकाईले कळत नाई. खंजिरी गेली हे ऐकून माह्या घशाखाली चहा उतरला नाई."

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मी? सव्वाबाराले आंग टाकलं. कूलरची अशी गार हवा सुटली होती का, अडीच-तीनपर्यंत कूसबी बदलली नाई."

"मोजे घातलेत? चव्वेचाळीस डिग्री आहे."

"टाचा फुटल्या. ताईचंच मलम लावलं हाय."

अनुपमाबाईंनी मान डोलावली आणि घरी गेल्या. त्यांनी एक जुनी स्टीलची परात पालथी घातली, दामिनीच्या दोन डब्यांतलं औषध काठीनं ढवळून तिच्यावर ओतलं, आणि हातात घड्याळ घेऊन बसल्या. दोन तासांनी त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं आणि एकट्याच असताना मोठ्यांदा हसल्या.

५

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी सगळ्यांना गॅरेजसमोर बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या, कौशल्याबाईंनी चहा केला होता. दामिनी एका टोकाला बसली होती. खुशालराव तिच्याकडे न बघता बसले होते.

"आपण सगळे एका गोष्टीत चुकलो," अनुपमाबाईंनी सुरुवात केली. "पावलं बाहेरची आहेत, आतली नाहीत, म्हणून आपण म्हणालो की माणूस आत गेलाच नाही. तो गेला होता. ही परात पाहा."

परातीवर करडा थर वाळलेला होता. त्यावर एका ओळीत, डाव्या बाजूला काहीच नव्हतं. मग एक पुसटसा खळगा होता, आणि उजवीकडे अंगठ्याचे ठसे खोल होत गेले होते.

"मी दर दहा मिनिटांनी इथे अंगठा दाबला. पहिले तीन ठसे तुमच्या डोळ्यांना दिसणार नाहीत. औषध पातळ होतं, अंगठा काढला की भोवतालून वाहत येऊन खड्डा भरून निघाला. चौथा अर्धवट भरला. तासाभरानंतरचे सगळे राहिले. दामिनी, याला काय म्हणतात?"

"सपाट होनारा थर, मॅडम. सुरुवातीले तो आपलं आपणच भरून घेते," दामिनी म्हणाली. मग ती एकदम उभी राहिली. "म्हंजे आत जायाची पावलं..."

"भरून गेली. चोर काम संपल्या संपल्या आत गेला, म्हणजे सव्वाबारा ते पाऊण. दामिनी मागच्या नळावर होती, खुशालराव ताटावर होते. आणि तो बाहेर आला तो थर घट्ट व्हायला लागल्यावर. मधले दोन तास तो आतच होता."

"आत?" खुशालराव ओरडले. "मी बाहेर बसलेलो असताना?"

"तुम्ही बाहेर बसलात म्हणूनच तो आत अडकला. तुम्ही अडीच वाजता पाणी प्यायला उठलात, तेव्हा सुटला."

कुलदीपनं विचारलं, "मावशी, हे नुसतं परातीवरून..."

अनुपमाबाईंनी टॉर्च काढला, आत गेल्या, ओट्याशी खाली बसल्या आणि टॉर्च फरशीला टेकवून उजेड आडवा सोडला. ओट्याच्या पायथ्याशी बशीसारखे दोन उथळ खळगे दिसले. वरून बघणाऱ्याला ते कधीच दिसले नसते. दोन्हींची बोटं ओट्याकडे होती.

"इथे सगळ्यात आधी ओतलं होतं, त्यामुळे हा भाग थोडा घट्ट झालेला होता. ही आत जाणारी शेवटची दोन पावलं. पुरती भरली नाहीत."

कौशल्याबाईंनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

"दामिनी आणि तिची माणसं एक वाजता निघून गेली. त्यांना जाताना खुशालरावांनी पाहिलं. दोन तास आत अडकलेला माणूस त्यांच्यातला असूच शकत नाही. कुलदीप अमरावतीला. कौशल्याताई पाट्यावर चटणी वाटत होत्या, तो आवाज मी माझ्या घरात ऐकला. आता उरला तो माणूस सांगतो की आपण कूलरच्या गार हवेत झोपलो होतो. बारा ते तीन लाइन नव्हती. बंद कूलरमधून गार हवा कशी आली?"

पंजाबरावांनी कपबशी खाली ठेवली आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आणखी एक." बाईंनी आपला उजवा अंगठा वर केला. तो करडा ठिक्कर पडला होता. "साबण, रॉकेल, स्पिरिट, काहीही लावा, जात नाही. पंजाबराव, मोजे काढता का?"

६

पंजाबरावांनी मोजे काढले. त्यांचे तळवे गॅरेजच्या फरशीला तंतोतंत मॅच होत होते.

"पंजाब!" कौशल्याबाई किंचाळल्या.

"ताई, मले बोलू दे," पंजाबराव म्हणाले. "ते फरशी चकाकत होती, मले वाटलं वाळली. चपला हातात घेतल्या अन् पाय टाकला. पाय गेला आत! वापस फिरलो असतो, पन मागं पाह्यलं तं माहं पाऊल भरून येत होतं. दुसरं टाकलं, तेबी भरलं. म्हनलं, देवाच्या मनात हाय. गुडघ्यावर ओट्यावर चढून खंजिरी घेतली, वळलो, तं भाऊजी खाट टाकून बसलेले! दोन घंटे त्या ओट्यावर पाय लोंबते ठेवून बसून राह्यलो. पत्रा तापलेला, घाम गळून राहिला, अन् भाऊजी तिकडे मांडीवर ताल धरून बसलेले. अडीचले ते उठले तसा मी निघालो. म्हनलं, पावलं भरतीलच आपली आपण. बाहेर आलो अन् चपला घातल्या, तं त्या पायाले चिकटल्या. जेवाले यायच्या आधी विळ्यानं कापून काढल्या."

दामिनीनं हसू दाबायला ओढणी तोंडावर घेतली. खुशालराव हसत नव्हते.

"खंजिरी कुठी हाय?"

"गव्हाच्या कोठीत. चामड्याले ओल लागू नये म्हून."

"काहून नेली?"

पंजाबराव मोज्यांची घडी घालू लागले. खुशालरावांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात. तो हळू आवाज त्या घरात कुणी फारसा ऐकला नव्हता.

"भाऊजी, मागच्या महिन्यात तेल्हाऱ्याले तुमी वाजोली ना, तवा मागं बसलेले लोक हसले. तुमाले दिसलं नाई, मले दिसलं. मोझरीले तं हजार मान्सं राहीन. तुमाले हसलेलं मले पाह्यवलं नसतं. अन् तुमाले सांगायची माही छाती नव्हती."

खुशालरावांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. त्या चहाचे कप गोळा करू लागल्या. कुलदीप डिकी नीट लागली की नाही ते बघायला गेला.

"अनुपमाताई, तुमी शिकोलं हाय तीस वर्षं. खोटं नाई सांगनार. ताल चुकते माहा?"

अनुपमाबाईंनी चष्मा काढून पुसला. चोर पकडताना त्यांना जे अवघड गेलं नव्हतं ते आता जात होतं.

"चुकतो, खुशालराव. दर तिसऱ्या फेरीला तुम्ही अर्धी मात्रा पुढे जाता. वर्षभर माझ्या खिडकीतून मोजलंय मी."

"दर तिसऱ्या?"

"दर तिसऱ्या."

खुशालराव उठले. जाता जाता दामिनीसमोर थांबले. "पोरी, मी चुकलो. तुही फरशी एक नंबर हाय. चोराच्या इरोधात साक्ष देल्ली तिनं. त्या सहाईच्या घरी मी सोता येतो तुह्यासंग," असं म्हणून ते घरात गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी गॅरेजातून आवाज आला नाही. शनिवारीही नाही. दामिनी येऊन ठसे घासून गेली, त्या पट्ट्यावर नवा थर ओतून गेली. दरम्यान सहापैकी चौघांनी तिला होकार दिला. अनुपमाबाई दोन्ही दिवस पहाटे पाचलाच जाग्या झाल्या आणि कानात कापूस नसताना त्यांना पुन्हा झोप लागली नाही.

७

रविवारी मोझरीला खुशालराव जाणार की नाही, हे गाडी सुरू होईपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. ते पांढरा फेटा बांधून, लाल फडक्यातली खंजिरी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसले. अमरावतीपर्यंत फडक्याची गाठ सोडत-बांधत राहिले. मागच्या सीटवर पंजाबराव, कौशल्याबाई आणि अनुपमाबाई दाटीनं बसले होते. बाईंना खुशालरावांनीच बोलावलं होतं.

मंडपात तेल्हाऱ्याच्या मंडळाचा नंबर अकरावा होता. माणसं खरंच हजार असावीत. खुशालरावांनी बसल्यावर खंजिरी तीनदा या हातातून त्या हातात घेतली. कौशल्याबाई बायकांच्या बाजूला डोळे मिटून बसल्या.

पहिली फेरी सरळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला अनुपमाबाईंनी श्वास रोखला, आणि खुशालराव अर्धी मात्रा पुढे गेले.

समोरच्या रांगेत कुणीतरी मान वळवली.

पंजाबरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून भाऊजींकडे पाहिलं आणि पुढचा शब्द अर्धी मात्रा आधीच उचलला. वीस वर्षांत त्यांचा ताल कधी चुकला नव्हता. पेटीवाल्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मुख्य गायकच गेला म्हटल्यावर तोही गेला. मागून टाळ गेले. सहाव्या फेरीला खुशालराव पुन्हा पुढे सरकले आणि या वेळी सगळे त्यांच्यासोबतच सरकले, जणू महिनाभर तसंच बसवलं होतं. नवव्या फेरीला मंडपातल्या टाळ्यासुद्धा तिथेच पडायला लागल्या.

खुशालरावांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण हात थांबला नाही, आणि ते मान हलवत अशी काही खंजिरी वाजवायला लागले की समोरची म्हातारी माणसं डोलायला लागली.

भजन संपल्यावर नागपूरकडच्या एका मंडळाचे बुवा मुद्दाम उठून आले. त्यांनी पंजाबरावांना बाजूला घेतलं.

"बावाजी, तिसऱ्या फेरीले ते झटका देता ना तुमी, लय जबर हाय! चाल कोनती म्हनाची ही? आमाले शिकवा ना."

पंजाबरावांनी खुशालरावांकडे बोट केलं.

"ते आमच्या भाऊजीची चाल हाय," ते म्हणाले. "त्यायलेच इचारा. मलेबी आजच जमली."